पिवळ्या पातेल्यातली आमटी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या विरोधात व्याख्यान ठेवायचं आणि वाण म्हणून प्लास्टिकचेच डबे लुटायचे, एवढी अक्कल आमच्या भाचीच्या सोसायटीतच सापडते. भाची माझ्या धाकट्या बहिणीची. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादला आली आणि गच्चीबोवलीत तेविसाव्या मजल्यावर राहायला लागली. तिच्याकडे त्या दिवशी पंचवीसेक बायका जमल्या होत्या, सगळ्या पुण्या-मुंबईच्या, सगळ्यांच्या नथी एकाच दुकानातल्या. एका बाईंनी मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. गरम जेवण प्लास्टिकमध्ये ठेवलं की त्यातली रसायनं अन्नात उतरतात, पोटात जातात आणि शरीरातल्या हार्मोनच्या कामात लुडबुड करतात, असं त्या सांगत होत्या. बायका माना डोलावत होत्या. निम्म्याजणींना थायरॉईड होता, भाचीलाही होता. मग तिळगूळ झाला, अत्तर लावलं, आणि प्रत्येकीच्या हातात एकात एक बसणारे तीन प्लास्टिकचे डबे आले.

"मायक्रोवेव्हला चालतात, मावशी," भाची म्हणाली.

मी ते डबे तिथेच सोफ्यावर ठेवून आले. वाण नाकारू नये म्हणतात. मी नाकारलं आणि वर चार शब्द ऐकवले.

माझा स्वभावच तसा आहे. मी हैदराबादेतच, गौलीगुड्यात जन्मले, लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून पलीकडे आले, आणि तीस वर्षं इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या तासाला पोरं खोकायलासुद्धा घाबरायची. मूर्ख माणसांची मला कीव येते, असं मी चारचौघांत म्हणायचे. कीव कसली डोंबलाची, रागच यायचा. आपल्याला कळतं आणि समोरच्याला कळत नाही, यात मला फार सुख होतं.

तर त्या संक्रांतीनंतर मी घरातलं प्लास्टिक हद्दपार केलं. डबे, बरण्या, चमचे, गाळणी, सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. आमचे हे दुकानातून आले तर त्यांना पाणी प्यायला बाटली सापडेना. ह्यांचं आबिड्सला चष्म्याचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळचं. काच घासून फ्रेममध्ये बसवणं, डोळ्यालाही धड दिसणार नाहीत असे स्क्रू पिळणं, वाकलेली काडी बोटांनी अंदाज घेत सरळ करणं, हे काम ह्यांनी चाळीस वर्षं केलं. ह्यांच्या हातून कधी काही पडलेलं, तुटलेलं मी पाहिलं नाही. स्वभाव असा गरीब, की बाटली सापडत नाही हेही मला विचारलं नाही. ओंजळीनं नळाचं पाणी प्यायले.

माळ्यावर सासूबाईंची पितळेची भांडी होती. दोन पातेली, एक कढई, एक जेवणाचा डबा. पितळेला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो, एवढं आमच्या पिढीला माहीत आहे. मी ती भांडी घेऊन बेगम बाजारच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या कलईगराकडे गेले. त्यानं पातेलं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं.

"अम्मा, अभी मेरे पास जो है, वो झालने का माल है. खाने के बर्तन को नक्को. खालिस रांगा आने दो. चार दिन ठैरो," तो म्हणाला.

म्हणजे त्याच्याकडे होता तो डाख देण्याचा धातू, फुटक्या भांड्याला सांधा मारायचा. शुद्ध कथील यायला चार दिवस लागणार होते. माणूस सरळ सांगत होता. पण मला वाटलं, हा मला शिकवतोय. "कथील काय असतं ते मी तीस वर्षं पोरांना सांगितलंय, मला सांगू नका," असं म्हणून मी भांडी उचलली आणि चालायला लागले. तो पाठीमागून काहीतरी म्हणाला. मी वळले नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीत एक कल्हईवाला मोपेडवर भाता बांधून आला. तासाभरात सगळी भांडी करून देतो म्हणाला. हा माणूस मला आवडला, कारण तो काही बोलत नव्हता. भांडं तापलं, नवसागराचा पांढरा धूर निघाला, तेव्हा मी शेजारणीला बोलावून अमोनियम क्लोराइडचं उष्णतेनं काय होतं ते समजावून सांगितलं. भर गल्लीत माझा तास चालू. त्याच्या हातातली कांडी कशाची आहे, हे मात्र मी विचारलं नाही. उरलेला बोटभर तुकडा हक्कानं मागून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात टाकला. दर चार-पाच महिन्यांनी तोच येऊ लागला.

आता आमटीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी रोज चिंच-गुळाची आमटी. शेजारचे तेलुगू लोक हसतात, तुमच्या पप्पूत, म्हणजे डाळीत, साखर असते म्हणतात. हसोत. ह्यांना ती ताजी आवडत नाही. आदल्या दिवशीची, रात्रभर पातेल्यात मुरलेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेली आवडते. वाटी तोंडाला लावून पितात आणि पातेल्याच्या तळाचं निपटून घेतात. मला आम्लपित्त आहे, मी चिंचेला शिवत नाही. मी आपली ताकभात खाते. म्हणजे ती आमटी मी करायचे ह्यांच्यासाठी आणि प्यायचे फक्त हेच.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदा हे म्हणाले, "अगं, गूळ जरा जास्त पडतोय का?"

"गूळ तेवढाच आहे. त्या पिशवीतल्या चहानं तुमची जीभ बिघडलीय," मी म्हटलं.

आबिड्सला दुकानादुकानांत पातळ प्लास्टिकच्या पिशवीत उकळता चहा येतो, गाठ मारून. हे दिवसातून चार वेळा तो प्यायचे. माझ्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण गुळाचा प्रश्न तिथे संपला, तो माझ्या आवाजामुळे. त्यानंतर रोज मी विचारायचे, आमटी कशी झालीय, आणि रोज हे म्हणायचे, छान.

आमच्याकडे भांडी घासायला एक तेलुगू बाई येते, बारा वर्षं झाली. एकदा ती फडकं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पातेलं आतून पुसलं की फडकं काळं होतं, असं तिचं म्हणणं. "नल्लगा, अम्मा," म्हणाली. काळं. मी म्हटलं, जोर लावून घासत नाहीस म्हणून. दुसऱ्या एका दिवशी मी तिला वाटीभर आमटी दिली, कारण ती भात आइस्क्रीमच्या डब्यात आणायची आणि मला तिची सुधारणा करायची होती. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तियगा उंदी," म्हणाली, गोड आहे. मी म्हटलं, आमची आमटी गोडच असते, आवडत नसेल तर राहू दे. पुढे मी देत राहिले आणि ती मान डोलावून घेत राहिली. ती मोरीत ओतून देत होती, हे मला फार उशिरा कळलं.

दीडेक वर्षानं ह्यांचं पोट दुखायला लागलं. मुरडा यायचा आणि पोट साफ व्हायचं नाही. मी नामपल्ली स्टेशनसमोरच्या मिरची भज्यांना शिव्या घातल्या. मग थकवा आला, चेहरा पांढरा पडला. दुकानातून आले की हे भिंतीला टेकून बसून राहायचे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या. रक्त कमी, थायरॉईड बिघडलेला, आणि पुरुषांचं जे हार्मोन असतं तेही घसरलेलं. हे शरमेनं खाली बघत होते. आणि मी? मला, देवाशप्पथ सांगते, आनंद झाला. हार्मोन! मी म्हणत नव्हते? प्लास्टिक!

त्याच संध्याकाळी मी आबिड्सला गेले आणि चहावाल्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर असा फैलावर घेतला की विचारू नका. तू माणसं मारतोयस, म्हटलं. तो बिचारा हातात पिशवी धरून उभा. "मॅडम, सगळेच असा देतात," एवढंच म्हणाला. भाचीला फोन करून तुमचं वाण तुम्हाला लखलाभ म्हणून सुनावलं. आणि दुसऱ्या दिवसापासून ह्यांचं दुपारचं जेवणही घरून जाऊ लागलं, कल्हईच्या डब्यात. वरच्या पुडात भात, खालच्या पुडात गरम आमटी, चार तास मुरलेली. आजारी माणसाची मी अशी काळजी घेत होते!

सहा महिन्यांनी ह्यांच्या हातून पहिला स्क्रू पडला. मी दुकानातच होते, एका बाईंचा चष्मा चालला होता. स्क्रू पडला, हे वाकले, शोधला, पुन्हा धरला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, राहू द्या, उद्या येते. हे हसले. मी म्हटलं, नंबर तपासून घ्या स्वतःचा, दुसऱ्यांचे तपासता. गंमत केली मी.

महिन्याभरात उजवा हात मनगटापासून लोंबायला लागला. मूठ वळायची, पण पंजा वर उचलायचा नाही. दुखत नव्हतं, सुन्न नव्हतं. नुसता खाली लोंबायचा, आणि हे डाव्या हातानं त्याला उचलून टेबलावर ठेवायचे. रात्री उशाशी घेऊन झोपायचे. दुकान बंद ठेवलं. ज्या हातावर घर चाललं तो हात कायमचा गेला की काय, हे विचारायला आम्ही नसांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी, केस कापलेली, पायात बूट. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार! तिनं ह्यांचा हात उलटसुलट करून पाहिला, हिरड्या पाहिल्या, सुईनं नसांची तपासणी केली. मग विचारलं, "अंकल, बॅटरीचं काम करता? रंगाचं? कुठलं भस्म, वैद्याची पुडी?"

सगळ्याला नाही.

"नसा आतून खराब झाल्यात. मला शिशाची शंका येतेय. रक्तातलं शिसं तपासायला पाठवते. घरात कुठून येऊ शकेल, आठवा."

मला अपमान वाटला. "आमच्या घरात प्लास्टिकचा चमचासुद्धा नाही," मी म्हटलं. "मी सगळा स्वयंपाक कल्हईच्या पितळी भांड्यांत करते."

ती लिहायची थांबली. "आंबट करता त्यात?"

"चिंचेची आमटी. रोज."

"आंटी," ती म्हणाली, "कल्हई कशाची आहे?"

तीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न मी विचारायचे. मी "कथलाची" म्हणाले, पण आवाज बारीक निघाला.

घरी आल्यावर हे आडवे झाले आणि मी फडताळातून तो बोटभर तुकडा काढला. आठवीच्या पोरांना मी दर वर्षी एक गोष्ट दाखवायचे. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की करकर आवाज येतो. कथील रडतं, असं मी सांगायचे, आणि पोरांना ते फार आवडायचं. शिसं मुकाट्यानं वाकतं. शिशाची आणखी एक खूण, कागदावर ओढलं की पेन्सिलीसारखी रेघ उमटते. हे दोन्ही प्रयोग मी स्वतः तीस वेळा केलेत, प्रश्नपत्रिकेत दोन मार्कांना घातलेत.

मी तुकडा कानाशी धरून वाकवला. काही ऐकू आलं नाही. वाटलं, आपले कान म्हातारे झाले. पुन्हा वाकवला. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो ओढला. करडी, स्वच्छ, सरळ रेघ आली. मी त्या रेघेकडे बघत ओट्याला धरून उभी राहिले. गाढवीण, मी स्वतःला म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. बिनडोक गाढवीण.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी ह्यांना लगेच दाखल करून घेतलं. शिसं बाहेर काढायची औषधं सुरू झाली, हाताला खालून आधाराची पट्टी बांधली. मी विचारलं, आणि ते हार्मोन? ती म्हणाली, शिसं नसांना खातं तसं हार्मोनच्याही कामात ढवळाढवळ करतं, पोटाचा मुरडाही त्याचाच, आणि आंबटात उतरलेलं शिसं जिभेला गोड लागतं. प्लास्टिक काही सोवळं नाही, आंटी, पण तुमच्या घरचा चोर हा होता. माझंही रक्त तपासलं. थोडं शिसं निघालं, त्याच भांड्यांत केलेल्या भाज्यांमधलं असावं. मला काही झालेलं नव्हतं. माझं आम्लपित्त मला पावलं.

भाची दवाखान्यात आली ती साबुदाण्याची खिचडी घेऊन, त्या संक्रांतीच्या प्लास्टिकच्या डब्यात. तिला सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता ही बोलणार. "मावशी, गार करून मगच भरलीय," एवढंच म्हणाली. मी ती मुकाट्यानं खाल्ली.

म्हाताऱ्या कलईगराला शोधायला मी दोनदा बेगम बाजारला गेले. जागेवर आता मोबाइलच्या कव्हरांची गाडी लागते. विचारलं तर कुणाला तो आठवतही नव्हता. मोपेडवाला त्यानंतर कधी आलाच नाही. सापडला असता तर त्याला काय बोलले असते, देव जाणे. कदाचित त्यालाही कांडीत काय आहे ते ठाऊक नसेल. मला ठाऊक करून घेता आलं असतं. त्याच्यात आणि माझ्यात एवढाच फरक, आणि तो त्याच्याच बाजूचा आहे.

भांडी घासणाऱ्या बाईला मी सगळं सांगितलं आणि मोडक्या तेलुगूत माफी मागितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, त्या एका घोटानंतर आमटी मी एक दिवसही प्यायले नाही, अम्मा, रोज ओतली. सांगितलं का नाहीस, मी विचारलं. ती हसली आणि फडकं हवेत हलवून दाखवलं. सांगितलं होतं की. आता मात्र मी तिला बजावून ठेवलंय, काहीही वाटलं तर तोंडावर बोलायचं. ती बोलते. माझ्या स्वयंपाकाचं काही खरं नाही हल्ली.

ह्यांचा हात वर्षभरात अर्धा परत आला. पंजा आता टेबलापासून चार बोटं उचलतो. पेला धरता येतो, सही करता येते, स्क्रू धरता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, नसा फार हळू भरतात, वाट बघा. हे दुकान उघडून बसतात, तयार चष्मे विकतात. काच बसवायची असली की शेजारच्या दुकानात पाठवतात. चाळीस वर्षं जे गिऱ्हाईक त्या दुकानातून ह्यांच्याकडे यायचं, ते आता उलट जातं.

एका दुपारी मी त्यांना विचारलंच. "अहो, खरं सांगा. चव बदलली होती ना?"

"हौ," हे म्हणाले. "बदलली होती."

"मग परत का नाही बोललात?"

ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, "तू विचारायचीस कुठे? तू म्हणायचीस, कशी झालीय, आणि तुला छान ऐकायचं असायचं. मी द्यायचो ते."

रागावून म्हणाले असते तर मला सोसलं असतं. साधं म्हणाले, गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा तसं. मी त्यांना म्हटलं, यापुढे जे वाटेल ते बोलायचं, माझ्या गळ्याची शपथ. हे हो म्हणाले.

गेल्या रविवारी मी आमटी केली, स्टीलच्या पातेल्यात, चिंच-गूळ-गोडा मसाला सगळं घालून. फक्त मीठ घातलं नाही. मुद्दाम. शिक्षिकेची खोड, परीक्षा घेतल्याशिवाय राहवत नाही. ह्यांच्यापुढे वाटी ठेवली, बाईलाही स्वयंपाकघरात एक वाटी दिली. ह्यांनी दोन्ही हातांनी वाटी उचलली आणि घोट घेतला.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"छान," हे म्हणाले.

आतून भांडी घासणारी बाई ओरडली, "अम्मा, उप्पू लेदू!" मीठच नाही.

मी ह्यांच्याकडे बघत उभी राहिले. ह्यांनी मान वर केली नाही. वाटी तोंडाला लावली आणि तळापर्यंत प्यायले.